कालवा-बागायत, दख्खनमधील

दख्खनच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कालव्यांच्या व पुढे उपशाच्या पाण्यावर वाढत गेलेली बारमाही शेती. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर), नासिक, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांच्या भीमा, नीरा, प्रवरा, गोदावरी व कृष्णा या नद्यांच्या खोऱ्यांत तिचा विस्तार झाला. ऊस हे तिचे प्रमुख पीक होय. ज्वारी-बाजरीची जिराईत शेती, गायराने व फिरते पशुपालन यांवर उभी असलेली जुनी व्यवस्था मागे पडून तिच्या जागी ही नवी शेती आली. तिच्यामुळे या अवर्षणप्रवण प्रदेशात संपत्ती, साखर उद्योग व सहकारी संस्था निर्माण झाल्या. त्याचबरोबर सुपीक काळ्या जमिनी खारवट व पाणथळ होणे, भूजलाचा ऱ्हास, चराऊ रानांचा संकोच, पशुधनाच्या स्वरूपात बदल आणि वन्यजीवांच्या वसतिस्थानांत स्थित्यंतर हे परिणामही घडून आले.

भूरचना व जुनी पीकपद्धती : सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस विपुल पडतो, परंतु पूर्वेकडे पन्नास-साठ किमी. अंतरावर त्याचे वार्षिक मान सु. ५० ते ७० सेंमी. पर्यंत खाली येते व तेही अनिश्चित असते. जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. नदीकाठी काळी, खोल व चिकण जमीन, उतारावर मध्यम आणि माथ्यावर मुरमाड किंवा खडकाळ माळ असा क्रम सर्वत्र आढळतो. काळी जमीन पावसाचे पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर पेरलेली रबी ज्वारी केवळ जमिनीतील ओलीवर व दवावर पिकू शकते. हलक्या जमिनीत खरिपाची बाजरी व तिच्यात तूर, मटकी, हुलगा यांची मिश्र पेरणी करीत. रबी ज्वारीत करडईचे पाटे टाकीत. कडधान्यांमुळे जमिनीला नत्र मिळे आणि एखादे पीक बुडाले, तरी दुसरे हाती लागे. ज्वारीच्या दाण्याइतकेच तिच्या कडब्याला महत्त्व होते, कारण वर्षभर जनावरे त्यावरच जगत.

बागायत अगदीच नव्हती असे नाही. विहिरीवर मोट चालवून थोड्या क्षेत्रात भाजीपाला, गहू, हळद व ऊस घेतला जाई. खानदेश व बागलाण भागांत पांझरा, मोसम, आरम यांसारख्या नद्यांवर बंधारे बांधून पाटाने पाणी देण्याची ‘फड’ पद्धती काही शतके चालत आली होती. तीत बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक सर्वांनी घ्यावयाचे, उसाचा फड दरवर्षी बदलावयाचा व इतर फडांत कमी पाण्याची पिके घ्यावयाची, असा दंडक असे. पाण्याची वाटणी पाटकरी करी आणि तंटे पंच मिटवीत. पाणी मर्यादित असल्याने उसाचे क्षेत्र आपोआप मर्यादित राही आणि फेरपालटामुळे जमिनीला विसावा मिळे. पुढील काळात कालव्यांच्या क्षेत्रात या दोन्ही गोष्टी दुर्मिळ झाल्या.

पशुधन व माळराने : जुन्या शेतीत नांगरट, मोट, मळणी व वाहतूक ही सर्व कामे बैलांकडून होत. माणदेश, आटपाडी, सांगोले व जत या कोरड्या टापूंतील खिल्लार बैल चपळपणा व काटकपणा यांसाठी प्रसिद्ध आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी डांगी व मराठवाड्यात देवणी आणि लाल कंधारी या जाती त्या त्या हवामानाला अनुरूप अशा घडल्या. गावच्या गायरानात, पडीक रानात आणि पीक निघाल्यावर शेतांतही जनावरे चरत. धनगरांचे कळप पावसाळ्यात पूर्वेकडील माळांवर राहत व पुढे चाऱ्याच्या शोधात स्थलांतर करीत. वाटेत शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेत आणि त्यांच्या लेंडीखताच्या मोबदल्यात धनगरांना धान्य देत. माळावरचे गवत अशा रीतीने खताच्या रूपाने नांगरटीच्या जमिनीत येई. मानवशास्त्रज्ञ के. सी. मल्होत्रा व परिस्थितिवैज्ञानिक माधव गाडगीळ यांनी धनगरांच्या या जीवनपद्धतीचा अभ्यास करून तिचा प्रादेशिक निसर्गाशी असलेला मेळ दाखवून दिला आहे.

लागवडीचा विस्तार : १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर इंग्रजी अंमलात जमीनमहसुलाची नवी घडी बसविण्यात आली. १८३० नंतरच्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून पाहणी सुरू करून प्रत्येक शेताची प्रतवारी ठरविली व आकार कमी केला. परिणामतः पडीक जमिनी झपाट्याने नांगराखाली आल्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मुंबई इलाख्यातील कापसाला भरमसाट भाव आला व लागवडीला आणखी चालना मिळाली. हलक्या जमिनी व उताराची राने नांगरली गेल्याने चराऊ क्षेत्र आटले. १८७८ च्या वनविषयक कायद्यान्वये डोंगराळ रानांचा मोठा भाग राखीव झाल्याने उरलेल्या गायरानांवरचा ताण वाढला. पडीक रान हे अवर्षणाच्या वर्षी चाऱ्याचे राखीव कोठार असते. ते कमी झाल्याचा प्रत्यय १८७६-७८ च्या दुष्काळात आला. त्या दुष्काळात माणसांबरोबर जनावरेही मोठ्या संख्येने मेली व नांगराला बैल उरले नाहीत, अशी स्थिती अनेक गावांत झाली.

कालव्यांचा आरंभ : दख्खनमधील कालवे मुख्यत्वे दुष्काळनिवारणासाठी बांधण्यात आले. पुण्याजवळ मुठा नदीवरील खडकवासला धरण १८७० च्या दशकात उभे राहिले. नीरा नदीचा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला व त्याला भाटघर धरणातून पाणी मिळू लागले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या भारतीय जलसिंचन आयोगाने (१९०१-०३) दख्खनमध्ये आणखी कालवे काढण्याचा पुरस्कार केला. त्यानुसार विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत दारणा धरणावर अवलंबून असलेले गोदावरी कालवे, भंडारदरा धरणातून (पूर्ण १९२६) निघणाऱ्या पाण्यावरील प्रवरा कालवे आणि भाटघर येथील नव्या मोठ्या धरणावरील नीरा उजवा कालवा ही कामे पार पडली.

या कालव्यांपुढे प्रारंभापासून एक पेच होता. पाऊस चांगला झाला, की जिराईत शेतकऱ्याला कालव्याच्या पाण्याची गरज भासत नसे. पाऊस ओढला, की सर्वांना ते एकदम हवे असे. काळ्या जमिनीला अकारण पाणी दिले, तर ज्वारी बिघडते, हेही शेतकरी जाणून होता. त्यामुळे चांगल्या वर्षी पाणी वाया जाई व सरकारला पाणीपट्टीचे उत्पन्न मिळत नसे. बारा महिने पाणी घेणारे आणि जबर पाणीपट्टी सोसणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. परिणामी ज्वारी वाचविण्यासाठी काढलेले कालवे उसाच्या आधाराने चालू लागले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर सुचविलेली ठोक (ब्लॉक) पद्धती हा या पेचावरील एक तोडगा होता. कालव्याखालील जमिनीचे ठराविक ठोक पाडून त्यांना काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावी, ठोकातील सु. एक तृतीयांश क्षेत्रात ऊस व उरलेल्यात हंगामी पिके घ्यावीत आणि पिकांचा फेरपालट करावा, असे तिचे स्वरूप होते. पाण्याचा लाभ अधिक गावांत पसरावा व एकाच जमिनीवर सतत पाणी राहू नये, हे तीमागील हेतू होते. व्यवहारात मात्र उसाचा ओढा या मर्यादा ओलांडत राहिला.

उसाच्या प्रसारात सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांचा वाटा मोठा होता. विहीर-बागायतीचा पिढीजात अनुभव असलेली ही मंडळी नीरा, गोदावरी व प्रवरा या कालव्यांवर गेली. तेथील शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन त्यांनी ऊस लावला व गुऱ्हाळे घातली. शेणखत व पेंड यांचा सढळ वापर आणि वारंवार पाणी ही त्यांच्या शेतीची वैशिष्ट्ये होती. प्रारंभी पुंड्या हा जाड उसाचा प्रकार प्रचलित होता. १९३० नंतर पीओजे २८७८ व पुढे कोइमतूर येथे निपजलेला को ४१९ हे वाण पसरले. १९३२ मध्ये नीरा खोऱ्यातील पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले.

जमिनी खारवट होणे : कालवे सुरू झाल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांतच नीरा खोऱ्यात एक अनपेक्षित आपत्ती दिसू लागली. सर्वांत खोल, सर्वांत काळ्या व म्हणून सर्वांत मोलाच्या जमिनींवर पांढरा थर फुलू लागला, पिके पिवळी पडू लागली व अखेर काही शेते ओस पडली. हॅरल्ड मान व व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील या क्षारग्रस्त जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दख्खनमधील भूमिबिघाडाचा हा एक आरंभीचा शास्त्रीय अभ्यास होय.

या बिघाडाची प्रक्रिया पुढीलप्रमाणे असते : बेसाल्ट खडक झिजताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादींचे क्षार सुटे होतात. कमी पावसाच्या प्रदेशात ते पूर्णपणे वाहून जात नाहीत. जमिनीच्या खोल थरांत साठून राहतात. जिराईत शेतीत भूजलाची पातळी खोल असल्याने ते निरुपद्रवी असतात. कालव्याची गळती व पिकाला दिलेले जादा पाणी यांमुळे भूजल वर येऊ लागते. काळ्या मातीतील चिकण कण ओले होताच फुगतात, त्यामुळे पाण्याचा निचरा अतिशय मंद असतो. भूजल पृष्ठभागापासून मीटर-दीड मीटरवर आले, की केशाकर्षणाने ते वर चढते. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मात्र पृष्ठभागावर राहतात. ही खारवट जमीन होय. पुढे सोडियम चिकण कणांना चिकटला, की मातीची घडण मोडते. अशी जमीन ओली असता चिकट व निसरडी आणि वाळल्यावर दगडासारखी टणक होते. तिला चोपण म्हणतात. खारवट जमीन पुरेशा निचऱ्याने धुऊन निघू शकते. चोपण जमिनीत पाणीच मुरत नसल्याने ती सुधारणे अधिक कठीण असते.

हा बिघाड सर्व शेतकऱ्यांवर सारखा कोसळत नाही. उंचावरील शेतात दिलेले जादा पाणी झिरपत सखल भागात जाते व तेथील शेत पाणथळ करते. म्हणजे पाणी एकाने वापरावे व जमीन दुसऱ्याची जावी, असा प्रकार घडतो. सखल भागातील ज्या शेतकऱ्याने ऊस लावलेलाही नसतो, त्याची ज्वारीची काळी जमीनही या रीतीने निकामी होऊ शकते. त्यामुळे निचरा हा एकेका शेताचा प्रश्न न राहता संपूर्ण पाणलोटाचा प्रश्न होतो.

मुंबई सरकारने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी १९१६ मध्ये पाटबंधाऱ्यांचा एक विशेष विभाग स्थापन केला. सी. सी. इंग्लिस यांच्या नेतृत्वाखाली त्याने भूजलाची पातळी, मातीचे थर व निचरा यांची पद्धतशीर पाहणी केली. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र ही विख्यात संस्था याच विभागातून विकसित झाली. इंग्लिस व व्ही. के. गोखले यांनी १९२० च्या दशकात दख्खन कालव्यांच्या विकासाविषयी केलेल्या विवेचनात कोणत्या प्रकारच्या जमिनीला बारमाही पाणी द्यावे व कोणत्या जमिनीला देऊ नये, याचा विचार आढळतो. नैसर्गिक निचरा असलेली मध्यम जमीन उसाला योग्य व खोल काळी जमीन धोक्याची, हे सूत्र त्या काळीच स्पष्ट झाले होते. सखल भागांत चर खणण्याची कामेही सरकारने हाती घेतली. तथापि चर वेळोवेळी साफ ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनेक ठिकाणी अनिर्णित राहिला आणि चर गाळाने व वेड्या बाभळीने भरून गेले.

साखर कारखाने व सहकार : १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर गुळाबरोबर साखरेचे उत्पादन सुरू झाले. वालचंदनगर, माळीनगर इ. ठिकाणी खाजगी कारखाने निघाले. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे-पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या मार्गदर्शनाने लोणी परिसरात (प्रवरानगर) शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना स्थापन झाला व १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. या यशामुळे सहकारी कारखान्यांची परंपरा निर्माण झाली. रस्ते, शाळा, महाविद्यालये, दूध संघ व रुग्णालये यांना कारखान्यांनी आधार दिला. एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात राज्यातील सहकारी व खाजगी मिळून सु. दोनशे कारखाने गाळप करीत असून २०२१-२२ च्या हंगामात राज्यात सु. १३७ लाख टन साखर झाली. त्या वर्षी हे उत्पादन देशात सर्वाधिक होते.

कारखान्याला ठराविक अंतरातून पुरेसा ऊस मिळणे आवश्यक असते. म्हणून एकदा कारखाना उभा राहिला, की परिसरातील पीकरचना बदलणे अवघड होते. शेतकऱ्याच्या बाजूनेही ऊस सोडणे सोपे नसते. त्याला ठरलेला भाव व खात्रीचा खरेदीदार असतो, पीककर्ज मिळते, वादळवाऱ्यात व रोगराईत ते पीक तग धरते आणि एकदा लावल्यावर खोडव्याचे उत्पन्न मिळते. ज्वारी, कडधान्ये व भाजीपाला यांना अशी हमी नसते. उसाचा प्रसार केवळ लोभातून झाला, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते; खरेदी, कर्ज व पाणीपट्टी यांच्या व्यवस्थेनेच त्याला उत्तेजन दिले.

उसाचे सुरू, पूर्वहंगामी व आडसाली असे लागवडीचे तीन हंगाम आहेत. आडसाली ऊस शेतात सु. सोळा ते अठरा महिने उभा असतो व त्यामुळे त्याला दोन उन्हाळ्यांना तोंड न देताही पाण्याचा मोठा भार पडतो. पाटपाण्यावरील उसाला हेक्टरी सु. २०० ते २५० सेंमी. खोलीचे पाणी लागते. रबी ज्वारीला त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात भागते. राज्यातील लागवडीखालील क्षेत्राच्या सु. ४ टक्के भागावरील ऊस सिंचनाच्या सु. ७० टक्के पाण्याचा वापर करतो, असा अंदाज केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हवाल्याने वारंवार दिला जातो.

उपसा व विंधन विहिरी : १९५० नंतर तेलावरील एंजिने व पुढे विजेचे पंप आले आणि मोट नाहीशी झाली. कृष्णा, पंचगंगा व वारणा या नद्यांवर सहकारी उपसा योजना निघाल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर खडक छेदणारी यंत्रे खेडोपाडी पोहोचली व विंधन विहिरींची संख्या वाढली. बेसाल्ट खडकात पाणी साठण्यास जागा थोडी. ती प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत असते. उथळ विहीर एका पावसाने भरते. खोल भेगांतील पाणी मात्र उपसले गेल्यावर सावकाश भरून येते. परिणामी एकाच प्रदेशात दोन विरुद्ध परिणाम दिसतात : कालव्याखालील सखल भागात भूजल वर येऊन जमीन सडते, तर कालव्याबाहेरील भागात भूजल खाली जाऊन विहिरी कोरड्या पडतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पुरवावे लागले. मांजरा नदीचे ते खोरे अवर्षणप्रवण असूनही तेथे उसाची लागवड व साखर कारखाने मोठ्या प्रमाणावर वाढले होते.

पशुधनातील बदल : मोट व बैलनांगर मागे पडल्यावर बैलांची गरज घटली. ज्वारीचे क्षेत्र आटल्याने कडबा महाग झाला व गायराने अतिक्रमणे आणि अन्य उपयोग यांमुळे आक्रसली. त्याच वेळी दुधाला शहरी बाजारपेठ मिळाली. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने होल्स्टीन-फ्रिझियन व जर्सी वळूंच्या वीर्याचा वापर करून संकरित गाईंचा प्रसार केला. या गाईंनी अल्पभूधारक कुटुंबांना रोजचे रोख उत्पन्न मिळवून दिले. परंतु माळावर चरून जगणारी देशी गाय व गोठ्यात बांधून हिरवा चारा, पेंड आणि भरपूर पाणी मागणारी संकरित गाय यांचा जमिनीशी असणारा संबंध भिन्न आहे. चारा पिकेही आता सिंचित क्षेत्रात घ्यावी लागतात, म्हणजे दुधाच्या रूपानेही पाण्याचाच खर्च होतो. उन्हाची झळ व रोग यांना संकरित जनावरे अधिक बळी पडतात.

दुष्काळाच्या वर्षी गावोगावच्या चारा-छावण्यांत उसाचे वाढे किंवा ऊसच कुट्टी करून जनावरांना घातला जातो. वाढ्यांत ऑक्झलेटाचे प्रमाण अधिक असते; ते शरीरातील कॅल्शियमाशी बांधले जाऊन जनावर अशक्त होते, म्हणून वाढ्यांवर चुन्याच्या निवळीची प्रक्रिया करून ती घालावीत, असा सल्ला पशुवैद्य देतात. कडब्याची उणीव वाढ्यांनी खऱ्या अर्थाने भरून निघत नाही, हे यावरून दिसते. जनावरांची संख्या रोडावल्याने शेणखतही कमी पडू लागले आणि त्याची जागा रासायनिक खतांनी घेतली. ऊस तोडल्यावर उरणारे पाचट जाळण्याची प्रथा रूढ झाल्याने जमिनीला परत मिळू शकणारे सेंद्रिय द्रव्यही नष्ट होते. धनगरांचे मार्गही बागायतीने अडले. उभ्या उसाच्या प्रदेशात मेंढ्या बसविण्यास मोकळे शेत उरत नाही.

माळराने व वन्यजीव : माळरानाला ‘पडीक’ म्हणण्याची महसुली परंपरा असली, तरी ती एक स्वतंत्र परिसंस्था आहे. माळढोक, तणमोर, काळवीट, लांडगा, खोकड हे प्राणी तिच्यावर अवलंबून असतात. माळढोकाच्या रक्षणासाठी सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये सु. ८,४९६ चौ. किमी. विस्ताराचे अभयारण्य घोषित झाले. सोलापूरजवळील नान्नज हे त्याचे प्रमुख स्थान होय. एवढ्या मोठ्या क्षेत्रात गावे, शेते व शहरेही येत असल्याने पुढे त्याची फेररचना होऊन ते सु. १,२२२ चौ. किमी. पर्यंत मर्यादित करण्यात आले. दरम्यान १९८० मध्ये भीमा नदीवरील उजनी धरण पूर्ण झाले व सोलापूर जिल्ह्यात उसाचा विस्तार झाला. मोकळे माळ व जिराईत शेते हे माळढोकाचे अधिवास. ती ओलिताखाली आल्यावर हा पक्षी राज्यातून जवळजवळ नाहीसा झाला. शिकार, विजेच्या तारा व कुत्र्यांचा उपद्रव ही कारणेही त्यास जोडली गेली.

याउलट बिबट्याने उसाचा आश्रय घेतला. जुन्नर परिसरात कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे उसाचे क्षेत्र वाढले. दाट, थंड व पाण्याजवळचा ऊस वर्षातील बहुतेक काळ उभा असल्याने बिबट्याच्या माद्या त्यात पिले घालू लागल्या. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरील हल्ल्यांत मोठी वाढ झाली. त्या वेळी बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा उपाय अवलंबिण्यात आला होता. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने असे दाखविले, की या स्थानांतरणाने हल्ले कमी न होता जेथे बिबटे सोडले त्या भागात ते वाढले. अकोले परिसरातील त्यांच्या अभ्यासात दाट लोकवस्तीच्या शेतीप्रदेशात दर १०० चौ. किमी. मध्ये सु. पाच प्रौढ बिबटे असल्याचे आढळून आले. त्यांच्या आहारात पाळीव प्राण्यांचे, विशेषतः कुत्र्यांचे, प्रमाण मोठे होते. तोडणीच्या हंगामात उसात पिले सापडतात, तेव्हा ती जागच्या जागी मादीच्या स्वाधीन होतील अशी व्यवस्था वन विभाग व स्वयंसेवी संस्था करतात. बिबट्याचे हे आगमन म्हणजे जंगलाचे पुनरागमन नव्हे. एका पिकाने निर्माण केलेल्या कृत्रिम अरण्याचा तो परिणाम होय. त्याची किंमत मुख्यत्वे ऊसतोडणी कामगारांना, वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबांना व शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना मोजावी लागते.

उपाय व प्रयोग : राज्यातील क्षारग्रस्त जमिनींचे क्षेत्र सु. ६ लाख हेक्टर असल्याचा अंदाज आहे. तिच्या सुधारणेसाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून भूमिगत निचरा करणे, चोपण जमिनीत जिप्सम मिसळणे, धैंचा व ताग यांसारखी हिरवळीची खते गाडणे आणि पाण्याची मात्रा घटविणे हे उपाय केले जातात. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत, विशेषतः शिरोळ तालुक्यात, शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भूमिगत निचऱ्याच्या योजना राबविल्या आहेत. शेजारच्या सर्व शेतकऱ्यांचे सहकार्य व निचऱ्याचे पाणी बाहेर काढण्यास मुख्य चर असेल, तरच अशा योजना यशस्वी होतात.

पाणीवाटपाच्या बाजूने झालेल्या प्रयत्नांत विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत उल्लेखनीय आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून तिचा आरंभ झाला. पाणी जमिनीच्या क्षेत्रानुसार न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यावे, भूमिहीनांनाही त्यात वाटा असावा व ऊस लावू नये, ही तिची तत्त्वे होती. अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० नंतर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी करून पाणलोटाची कामे केली, शेतीसाठी विंधन विहिरींना मनाई केली आणि ऊस व केळी यांसारखी जास्त पाण्याची पिके वर्ज्य केली. तेथे गवत वाढल्यावर चारा कापून आणण्याची पद्धत रूढ झाली व दुग्धव्यवसायाला बळ मिळाले.

शासकीय पातळीवर वि. म. दांडेकर, देऊसकर व देशमुख यांच्या समितीने १९७९ मध्ये दख्खन कालव्यांवर आठमाही पाणीपुरवठा करण्याविषयीचा अहवाल सादर केला. उन्हाळ्यातील चार महिने कालवे बंद ठेवल्यास तेच पाणी हंगामी पिकांच्या रूपाने अधिक शेतकऱ्यांना पोहोचेल, हा त्यामागील विचार होता. पुढे हे धोरण तत्त्वतः स्वीकारले गेले, तरी जुन्या ऊसक्षेत्रांत त्याची अंमलबजावणी मर्यादित राहिली. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि खोऱ्यातील वरच्या व खालच्या धरणांत समन्यायी वाटपाचे तत्त्व कायद्यात आले. २०१७ मध्ये उसासाठी ठिबक सिंचन टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. ठिबकामुळे शेतातील पाण्याची बचत होते व निचऱ्याचा प्रश्न सौम्य होतो. मात्र वाचलेल्या पाण्यावर पुन्हा उसाचेच क्षेत्र वाढल्यास खोऱ्याच्या दृष्टीने बचत शिल्लक राहत नाही.

मूल्यमापन : दख्खनच्या कालवा-बागायतीचा सु. दीडशे वर्षांचा इतिहास पाहता तिने दुष्काळी प्रदेशाच्या एका भागाला स्थैर्य दिले, हे मान्य करावे लागते. परंतु तिच्या दुष्परिणामांचे ज्ञान उशिरा झाले, असे म्हणता येत नाही. जमीन कशी बिघडते हे १९१० मध्ये व कोणत्या जमिनीला पाणी देऊ नये हे १९३० पूर्वीच सांगितले गेले होते. फेरपालटाचा व उसाच्या मर्यादेचा नियम तर फड पद्धतीत त्याहूनही जुना होता. उणीव ज्ञानाची नसून ते पाळण्यास भाग पाडणाऱ्या व्यवस्थेची होती. कालव्याचे अर्थकारण, कारखान्याची गरज, निश्चित भाव व स्वस्त पाणी यांनी एका पिकाकडे ओढ निर्माण केली आणि तिचा भार सखल भागातील शेतकरी, कालव्याबाहेरील गावे, माळावरील पशुपालक व मुकी जनावरे यांच्यावर पडला. कडधान्ये व ज्वारी यांना उसासारखी खरेदीची हमी मिळणे, निचऱ्याची जबाबदारी पाणी वापरणाऱ्यांत वाटली जाणे आणि गायरान व माळ यांना पडीक न मानता उत्पादक भूमी मानणे, या गोष्टींवर या प्रदेशातील जमिनीचे व पाण्याचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.